छेदात कोण बसलंय? टेक्सासचा दहा टक्क्यांचा कायदा आणि मार्ता तिएन्दा

मागच्या वेळी सिनॉप्सिसबद्दल लिहिलं होतं, त्यावर बऱ्याच जणांचा प्रश्न आला की "प्रश्न कसा शोधायचा?" त्याचं थेट उत्तर माझ्याकडे नाही. पण एक गोष्ट आहे. ती आहे अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातली, समाजशास्त्रातली, आणि मी आहे मायक्रोबायोलॉजीची. तरी सांगते, कारण या गोष्टीनं माझं पीएच.डी.चं दुसरं वर्ष वाचवलं.

झालं असं, की मी मातीतले जीवाणू मोजत होते. वेगवेगळ्या शेतांतली माती आणायची, पातळ करायची, पेट्री डिशवर पसरायची आणि दोन दिवसांनी उगवलेल्या कॉलन्या मोजायच्या. प्रोग्रेस प्रेझेंटेशनमध्ये मी ऐटीत स्लाइड दाखवली: या शेतात अमुक जातीचे जीवाणू इतके टक्के. समितीतल्या स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी एवढंच विचारलं, "टक्के कशाचे? छेदात काय आहे?" मी म्हटलं, "एकूण कॉलन्या." ते म्हणाले, "आणि जे उगवलेच नाहीत ते?"

तुमच्यापैकी मायक्रोवाल्यांना माहीत असेल, मातीतल्या शंभर जीवाणूंपैकी प्लेटवर जेमतेम एखादा उगवतो. म्हणजे मी जे मोजत होते ते मातीतले जीवाणू नव्हतेच. माझ्या अगारवर यायला राजी झालेले जीवाणू होते. संध्याकाळी हॉस्टेलवर रडतरडत हे सांगितलं, तर शेजारच्या खोलीतली समाजशास्त्राची ताई म्हणाली, "तिएन्दाचे पेपर वाच. तिचंही तेच म्हणणं आहे, फक्त मुलांबद्दल."

तर आता टेक्सासकडे जाऊ.

तिथे लॅटिनो, म्हणजे मुख्यतः मेक्सिकन वंशाचे लोक, बाहेरून आलेले पाहुणे नाहीत. १८३६ पर्यंत टेक्सास मेक्सिकोचाच भाग होता. सीमा त्यांच्या अंगणातून गेली. पण "हे लोक नेमके कोण?" याचं उत्तर सरकारनं सोयीप्रमाणे बदललं, आणि हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो. १९३० च्या जनगणनेत "मेक्सिकन" हा वेगळा वंश म्हणून नोंदवला गेला. त्याला विरोध झाला आणि १९४० ला तो रकाना गेला. माणसं पुन्हा "गोरी" झाली. १९७० ला थोड्या लोकांनाच विचारलेल्या लांब फॉर्मवर हिस्पॅनिक मूळ विचारलं, आणि सर्वांना तो प्रश्न विचारला तो थेट १९८० मध्ये. म्हणजे १९८० च्या आधीचं "लॅटिनो विद्यार्थ्यांचं प्रमाण" असं काही कुठे वाचलंत, तर आधी थांबा आणि ते कुणी, कसं मोजलं ते बघा.

कागदावर गोरं असण्याचा उपयोग काय झाला? टेक्सासच्या कायद्यात कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळ्या शाळा होत्या. मेक्सिकन मुलांसाठी असा कायदा नव्हता, तरी गावोगावी "मेक्सिकन शाळा" होत्या. कारण दिलं जायचं भाषेचं. १९४८ च्या डेलगाडो खटल्यात कोर्टानं ही पद्धत बेकायदेशीर ठरवली, पण गावांनी वाटा शोधल्या. त्यावर कडी म्हणजे १९७० मध्ये ह्यूस्टनला शाळांमधला वंशभेद संपवायचा कोर्टाचा आदेश आला, तेव्हा मेक्सिकन मुलांना "गोरी" धरून कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांशी जोडलं गेलं, आणि खऱ्या गोऱ्या शाळा तशाच राहिल्या. हिशेब जुळला. पालकांनी मुलांना शाळेत पाठवणं बंद करून निषेध केला.

या काळातलं एक नाव लक्षात ठेवा: जॉर्ज सांचेझ. १९०६ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला जन्म, कोवळ्या वयात खेड्यातल्या शाळेत मास्तर, नंतर १९४० पासून ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक. त्यांनी १९३० च्या दशकात एक साधी गोष्ट मांडली. स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्ध्यंक चाचणी इंग्रजीत घेता आणि गुण कमी आले की मूल मंद म्हणता. मग तुम्ही बुद्धी मोजली की इंग्रजी? आज हे उघड वाटतं. तेव्हा ते लिहायला छाती लागायची, कारण त्या चाचण्या म्हणजे त्या काळचं "सायन्स" होतं. आपण सायन्सवाले "आकडे बोलतात" असं फार सहज म्हणतो. आकडे कुणाच्या तरी पट्टीनं मोजलेले असतात.

आता १९९० च्या दशकात येऊ. तोवर टेक्सास विद्यापीठ प्रवेश देताना अर्जदाराचा वंशही विचारात घेत होतं. १९९२ मध्ये शेरिल हॉपवुड आणि आणखी तीन गोऱ्या अर्जदारांनी तिथल्या लॉ स्कूलवर खटला भरला. (हे तेच लॉ स्कूल, ज्यानं १९४६ मध्ये हेमन स्वेट या कृष्णवर्णीय माणसाला त्याच्या वर्णामुळे प्रवेश नाकारला होता आणि १९५० मध्ये सुप्रीम कोर्टात हरलं होतं.) मार्च १९९६ मध्ये फिफ्थ सर्किट कोर्टानं निकाल दिला: प्रवेशात वंश बघायचा नाही. सुप्रीम कोर्टानं त्यात पडायचं नाकारलं. १९९७ ला लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षाला कृष्णवर्णीय विद्यार्थी उरले चार. राज्याच्या अॅटर्नी जनरलनी निकालाचा अर्थ आणखी ताणून शिष्यवृत्त्यांनाही तो लागू केला.

मग जे घडलं ते संशोधनाच्या विद्यार्थ्यानं मुद्दाम वाचावं असं आहे. विद्यापीठातले काही अभ्यासक आणि काही आमदार एकत्र बसले. त्यात डेव्हिड मोंतेहानो होते. मूळचे इतिहासकार-समाजशास्त्रज्ञ, टेक्सासमधल्या अँग्लो आणि मेक्सिकन संबंधांवर १९८७ साली त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं होतं. विधानसभेच्या बाजूनं होत्या इर्मा रँगेल, तिथल्या सभागृहात निवडून आलेल्या पहिल्या मेक्सिकन-अमेरिकन महिला आणि तेव्हा उच्चशिक्षण समितीच्या अध्यक्ष. सिनेटमध्ये गोन्सालो बारिएन्तोस. प्रश्न होता, वंश न बघता विविधता कशी राखायची?

मोंतेहानो आणि सोबत्यांनी एक साधंच काम केलं. ऑस्टिनला पहिल्या वर्षात येणारी मुलं कोणत्या हायस्कुलांतून येतात, ते मोजलं. राज्यात हजाराहून जास्त हायस्कुलं, पण निम्मा वर्ग भरत होता साठेक शाळांमधून! बहुतेक शहरांच्या उपनगरांतल्या, पैसेवाल्या. बाकीच्या कित्येक शाळांमधून वर्षानुवर्षं एकही मूल येत नव्हतं. त्यात सीमेलगतच्या मेक्सिकन वस्तीच्या शाळा होत्या, शहरातल्या कृष्णवर्णीय शाळा होत्या, आणि पश्चिम टेक्सासमधल्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या शाळाही होत्या. बघा, प्रश्न वंशाचा म्हणून विचारला होता. यादी काढली तेव्हा तो भूगोलाचाही निघाला.

त्यातून कायदा आला, हाउस बिल ५८८. प्रत्येक हायस्कूलमधल्या वरच्या १० टक्के मुलांना राज्यातल्या कुठल्याही सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश. गुणांची तुलना आपल्याच शाळेतल्या मुलांशी. एसएटी परीक्षा द्यायची, पण तिचा गुण आडवा येणार नाही. ग्रामीण भागातल्या गोऱ्या आमदारांनी साथ दिली, कारण त्यांच्याही पोरांची सोय होती. मे १९९७ मध्ये गव्हर्नर जॉर्ज बुश यांनी सही केली. हेच ते, नंतर राष्ट्राध्यक्ष झालेले.

कायद्याची गंमत (गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सापडत नाही) अशी, की शाळा वंशानुसार वेगळ्या पडलेल्या आहेत म्हणूनच तो चालतो. सगळ्या शाळांत सगळी मुलं मिसळून असती, तर प्रत्येक शाळेचे वरचे १० टक्के काढून विविधता आली असतीच असं नाही. आणि शाळा वेगळ्या का राहिल्या, तर वस्त्या वेगळ्या आणि शाळेचा पैसा वस्तीतल्या घरपट्टीवर. सॅन अँटोनियोच्या एजवुड या गरीब मेक्सिकन वस्तीतल्या पालकांनी याविरुद्ध दाद मागितली होती. १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टात ते ५ विरुद्ध ४ असे हरले. म्हणजे एका कोर्टानं शाळा वेगळ्या राहू दिल्या, दुसऱ्यानं प्रवेशात वंश बघायला बंदी केली, आणि विधिमंडळानं पहिल्या अन्यायाच्या खांद्यावर उभं राहून दुसऱ्यावर उपाय काढला.

इथे मार्ता तिएन्दा येतात. १९५० मध्ये टेक्सासमध्ये जन्म, मेक्सिकोतून आलेल्या कामगाराची मुलगी, वाढली मिशिगनमध्ये. बी.ए. स्पॅनिशमध्ये, १९७२ ला. मग ऑस्टिनलाच समाजशास्त्रात पीएच.डी. पुढे लोकसंख्याशास्त्रात मोठं नाव झालं. कायदा झाला त्याच वर्षी, १९९७ ला, त्या प्रिन्स्टनला गेल्या. (ज्यांना वाटतं की विषय बदलला म्हणजे आयुष्य वाया गेलं, त्यांनी ही स्पॅनिश ते लोकसंख्याशास्त्र वाट जरा डोळ्यांसमोर ठेवा.)

तेव्हा वातावरण काय होतं? ऑस्टिनच्या विद्यापीठानं १९९९ च्या सुमारास जाहीर केलं की हिस्पॅनिक आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संख्या निकालाआधीच्या, म्हणजे १९९६ च्या पातळीवर परत आलीय. अध्यक्ष लॅरी फॉकनर यांनी तसं ठासून लिहिलंही. आकडे खोटे नव्हते. कायदा यशस्वी, विषय संपला, असं देशभर म्हणायला सुरुवात झाली.

तिएन्दा लोकसंख्यावाल्या. त्यांचा हात आधी छेदाकडे जातो. माझ्या मनानं एक उदाहरण देते, आकडे काल्पनिक आहेत. एका वर्षी १०० लॅटिनो मुलं हायस्कूल पास झाली आणि त्यातली १५ मोठ्या विद्यापीठात गेली. काही वर्षांनी १३० पास झाली आणि गेली १५ च. विद्यापीठ म्हणेल, संख्या राखली. वर्गात बसलेल्या १५ जणांना मोजलं तर खरंच राखली. पण त्या मुलांच्या गल्लीतून बघितलं तर वाट अरुंद झालेली आहे. टेक्सासमध्ये नेमकं हेच चाललं होतं, कारण हायस्कूल पास होणाऱ्या हिस्पॅनिक मुलांची संख्या झपाट्यानं वाढत होती. मार्क लाँग यांच्यासोबतच्या २००८ च्या पेपरमध्ये तिएन्दांनी दाखवलं, की १० टक्क्यांचा कायदा वंश विचारात घेणाऱ्या जुन्या पद्धतीची जागा पूर्णपणे भरून काढू शकला नाही.

पण त्याही आधीचं एक पाऊल मला जास्त आवडतं. त्यांनी टेक्सासमध्ये मोठा प्रकल्प उभा केला, टेक्सास हायर एज्युकेशन अपॉर्च्युनिटी प्रोजेक्ट. त्याचे दोन हात. एक, नऊ विद्यापीठांच्या कचेऱ्यांतल्या नोंदी: अर्ज कुणी केला, प्रवेश कुणाला मिळाला, प्रत्यक्ष आलं कोण. या तीन वेगळ्या याद्या आहेत, आणि वर्तमानपत्रांत चर्चा व्हायची फक्त तिसरीची. पण ज्यानं अर्जच केला नाही तो या तिन्हींत नाही. तो विद्यापीठाच्या कुठल्याच फाइलमध्ये सापडणार नाही, कितीही खणा. म्हणून दुसरा हात: २००२ च्या वसंतात राज्यभरातल्या निवडक सरकारी हायस्कुलांमध्ये जाऊन शेवटच्या वर्षातल्या आणि त्याच्या दोन वर्षं मागच्या मुलांचं सर्वेक्षण. शेवटच्या वर्षातल्या काही मुलांना वर्षभरानं पुन्हा गाठून विचारलं, शेवटी गेलास कुठे?

जे प्लेटवर उगवले नाहीत ते मोजायचे, तर आधी मातीत हात घालावा लागतो. मी हे रात्री दोनला वाचलं आणि ताईचं दार वाजवलं. तिनं शिव्या दिल्या.

काय सापडलं? वरच्या १० टक्क्यांत असलेली, कायद्यानं प्रवेशाची हमी असलेली मुलं घ्या. त्यातही लॅटिनो आणि कृष्णवर्णीय मुलं, विशेषतः त्यांचंच प्राबल्य असलेल्या शाळांमधली, ऑस्टिन किंवा ए अँड एम सारख्या मोठ्या विद्यापीठांत गोऱ्या मुलांपेक्षा कमी जात होती. सनी निउ आणि तिएन्दा यांच्या पेपरांमध्ये हे पुन्हा पुन्हा येतं. गुणवत्तेचा प्रश्न इथे येतच नाही, कारण सगळी वरच्या १० टक्क्यांतलीच. मग अडलं कुठे? काहींना कायदा नीट माहीतच नव्हता. शाळेत कॉलेजला जायचं वातावरण नव्हतं. आणि पैसा. ब्राउन्सव्हिल ते ऑस्टिन अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. हमीपत्रात बसभाडं, खोलीभाडं आणि घरी कमी होणारी मिळकत यांचा उल्लेख नसतो. हे ओळखून ऑस्टिनच्या विद्यापीठानं १९९९ पासून ठरावीक गरीब, आजवर मुलं न येणाऱ्या हायस्कुलांसाठी लाँगहॉर्न अपॉर्च्युनिटी नावाची शिष्यवृत्ती सुरू केली आणि त्या शाळांमध्ये माणसं पाठवली. माझ्या मते कायद्याइतकंच महत्त्व या कंटाळवाण्या कामाला आहे, पण त्यावर कोर्टात खटले होत नाहीत म्हणून त्याची बातमीही होत नाही.

दुसऱ्या बाजूच्या तक्रारी होत्याच. उपनगरी शाळांतले पालक म्हणत, आमच्या शाळेत स्पर्धा एवढी की अकरावा-बारावा टक्का असलेलं मूलही हुशार असतं, ते डावललं जातं आणि राज्य सोडून जातं. तिएन्दा आणि निउ यांनी हाही दावा आकड्यांवर घासून पाहिला (२००६) आणि हुशार मुलं राज्याबाहेर पळतायत याला पुरावा फारसा मिळाला नाही. हे मला आवडलं. स्वतःला पटणारा निष्कर्ष तपासणं सोपं असतं. समोरच्याचा दावा गांभीर्यानं घेऊन त्याचा छेद-अंश मांडणं जड जातं. पुढे कलेन, लाँग आणि रेबॅक या अर्थतज्ज्ञांनी दाखवलं की काही थोडी मुलं वरचा क्रमांक मिळावा म्हणून कमी स्पर्धेची शाळा निवडतात. माणसं कायदा वाचतात आणि हालचाल करतात, जीवाणू करत नाहीत एवढाच फरक. (करतात खरं तर. पण तो वेगळा लेख.)

त्याच वर्षी, २००६ ला, या दोघींचा आणखी एक पेपर आला. त्याच्या नावाचा मराठीत भाव सांगायचा तर, वेगळं पाडलेल्या शाळांचं भांडवल आणि तटस्थतेचा आव. पेपरला नाव कसं द्यावं यावर मी वर्कशॉप केलंय, प्रमाणपत्रही आहे. त्यापेक्षा या एका शीर्षकातून जास्त शिकले.

पुढचं भराभर सांगते. २००३ ला सुप्रीम कोर्टानं मिशिगनच्या ग्रटर खटल्यात वंशाचा मर्यादित विचार चालेल म्हटलं, तेव्हा ऑस्टिननं २००५ पासून तो उरलेल्या जागांसाठी पुन्हा सुरू केला. १० टक्केवाल्यांची संख्या एवढी वाढली, की २००८ ला पहिल्या वर्षातली ८१ टक्के मुलं तिथूनच आली. २००९ मध्ये विधिमंडळानं ऑस्टिनपुरती ७५ टक्क्यांची मर्यादा घातली. अॅबिगेल फिशर यांचा खटला दोनदा, २०१३ आणि २०१६ ला, सुप्रीम कोर्टात गेला; विद्यापीठ जिंकलं. २०२३ मध्ये हार्वर्डच्या खटल्यात कोर्टानं सगळीकडेच वंशाचा विचार थांबवला. दहा टक्क्यांच्या कायद्याला त्या निकालाचा हात लागला नाही, कारण त्यात वंश हा शब्दच नाही.

पण ७५ टक्क्यांच्या मर्यादेमुळे ऑस्टिनसाठी "दहा टक्के" आता दहा राहिलेले नाहीत. अर्ज वाढले तशी रेषा वर सरकली: आठ, सात, मग बराच काळ सहा, आणि २०२६ च्या प्रवेशांसाठी पाच. नावात दहा, प्रत्यक्षात पाच.

आणि २०२० मध्ये ऑस्टिनच्या विद्यापीठाला "हिस्पॅनिक विद्यार्थ्यांना सेवा देणारी संस्था" असा केंद्रीय दर्जा मिळाला. त्यासाठी पदवीच्या विद्यार्थ्यांत हिस्पॅनिक किमान २५ टक्के लागतात. मोठी बातमी झाली, आनंदही झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. फक्त टेक्सासच्या सरकारी शाळांत आज निम्म्याहून जास्त मुलं हिस्पॅनिक आहेत. आता तुम्हीच सांगा, २५ टक्के कशाचे, आणि छेद कोणता घ्यायचा?

ज्यांना प्रत्यक्ष हात घालून बघायचाय त्यांच्यासाठी: या प्रकल्पाचा डेटा प्रिन्स्टनच्या लोकसंख्या संशोधन केंद्राकडे अभ्यासकांसाठी ठेवलेला आहे. आर किंवा एसपीएसएस शिकत असाल तर सरावाला याहून चांगली फाइल मिळणार नाही. सुरुवात कोडबुकपासून करा. मी थेट फाइल उघडली होती आणि "माहिती नाही" आणि "लागू नाही" यांचे कोड एकच समजून दोन दिवस घालवले.

माझ्या मातीचं काय झालं? प्लेटा अजून करते, पण सोबत त्याच मातीतला डीएनए काढते, न उगवणाऱ्यांची हजेरी घ्यायला. पुढच्या प्रेझेंटेशनला सरांनी पहिली स्लाइड बघितली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हं, आता सांग, डीएनए नीट निघालाच नाही असे किती?"

त्यावर काम चालू आहे.